दाजींचा मौतपीस

मराठवाड्यात आजवर जेवढी काळजी पिकली, तिच्यातली निम्मी तरी आमच्या दाजींनी एकट्यानं कापून, मळून, पोत्यात भरून घरी आणली असेल. पावसानं दगा दिला, ज्वारीनं दिला, पण या पिकानं त्यांना कधी दगा दिला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, मालक. लातूरच्या एका बँडात ते सॅक्सोफोन वाजवायचे. अंगानं काटकुळे, उंच, आणि खांदे कायम किंचित वर उचललेले. मागून कुणीतरी हाक मारणार आहे आणि ती हाक वाईट बातमीची असणार आहे, अशी तयारी त्या खांद्यांनी करून ठेवलेली असे. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरा असा सगळा थाट करून ते वरातीत चालायला लागले, तरी त्यांच्या चेहऱ्याकडं बघून पाहुण्या बायका हळूच विचारायच्या, "नवरीचा बाप ह्योच का?"

काळजी करायला त्यांना कारण लागत नसे. कारण नसलं की त्याचीच काळजी वाटे. एसटी उशिरा आली तर "कुठं उलटली तर न्हाई?" आणि वेळेवर आली तर "येळंवर कशी काय आली ओ? बिरेक फेल तर न्हाई?" ढग आले की विजेची भीती, ढग नसले की दुष्काळाची. कुणी मोकळेपणानं हसायला लागलं तर म्हणायचे, "लई हसू नका, ठसका लागंल." आक्का सांगते, लग्न लागल्यावर दाजी तिच्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं: "निघताना तुमच्या घराला कुलूप नीट लावलं होतं ना?" आमच्या घरात तेव्हा आजारी चुलते, त्यांची सगळी लेकरं आणि दोन म्हशी होत्या. तरी ते एक वाक्य ऐकून आक्काचंही मन मांडवात लागेना.

फक्त वाजवताना त्यांच्या तोंडाला दुसरं काम असे, त्यामुळं काळजी बोलून दाखवता येत नसे. ती मग सॅक्सोफोनमधून बाहेर पडे आणि लोकांना फार गोड लागे. नवरी सासरी निघताना दाजी असं काही संथ, भरल्या गळ्यानं वाजवायचे की तिच्या माहेरचे तर रडायचेच, पण सासरचेही रडायचे. एकदा तर आमच्या गल्लीतला घोडेवाला घोड्याच्या मानेवर डोकं ठेवून हमसाहमशी रडला होता. जयंतीच्या मिरवणुकीत हेच दाजी असे काही सुटायचे की पोरं त्यांच्या भोवतीनं नाचता नाचता चपला विसरून जायची. मिरवणूक संपली की दाजी त्या चपला गोळा करून विहाराच्या पायरीवर जोड्या लावून ठेवायचे. अनवाणी पोरांच्या पायांत काटा मोडंल, ही पुन्हा काळजी.

आता ही सारी करामत त्यांच्या फुफ्फुसांची की त्यांच्या मौतपीसाची, यावर बँडात कायम वाद असे. सॅक्सोफोनच्या ज्या टोकाला तोंड लावतात, तो चोचीसारखा तुकडा म्हणजे माऊथपीस. खालच्या अंगाला वेताची पातळ पत्ती बांधायची, वरच्या अंगाला पुढचे दात टेकवायचे आणि फुंकायचं. आमच्याकडच्या बँडवाल्यांच्या तोंडी त्याचा 'मौतपीस' झाला होता. बाकीच्यांचे मौतपीस हैदराबादच्या दुकानातून आणलेले, कारखान्यातले. दाजींचा मात्र हातानं घडवलेला, शिसवीच्या लाकडाचा, शेवटाला पितळी कडं बसवलेला. तो त्यांच्या वस्तादनं केला होता. वस्ताद म्हणजे उदगीरचे एक म्हातारे मुसलमान गृहस्थ. निजामाच्या पलटणीच्या बँडात त्यांची हयात गेली होती, आणि राज्य गेल्यावर ते उदगीरला येऊन हौशी पोरांना शिकवत बसले. दाजी त्यांचे शेवटचे शागीर्द. आजारपणात एक दिवस वस्तादनं हिरव्या फडक्यात गुंडाळलेला तो मौतपीस त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मियाँ, हाथ से घिसा है. संभालके रखना."

बाकी काय द्यायचं ते द्यायला हरकत नव्हती, पण 'संभालके' हा शब्द वस्तादनं दाजींना द्यायला नको होता.

मौतपीसाच्या वरच्या अंगाला, डावीकडं, एक तिरकी बारीक खाच होती. वर्षानुवर्षं दात टेकवून वस्तादच्या दातानं ती पाडली, असं दाजी मानत. फुंकताना ते आपला पुढचा वाकडा दात बरोबर त्या खाचेत ठेवायचे. "वस्तादच्या पावलावर पाऊल ठेवावं तसं हाय हे," असं म्हणायचे.

मोठा दुष्काळ पडला त्या वर्षी मी कॉलेजसाठी लातूरला आक्काकडंच राहत होतो. लग्नं होत होती, पण मांडवात पाहुण्यांना द्यायला पाणी नव्हतं, तिथं बँड कोण सांगणार? बँडमालकानं वाद्यं गोणपाटात बांधून ठेवली आणि सगळे वाजंत्री पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेले. दाजीही गेले. सॅक्सोफोन मालकाचा, तो बांधून राहिला. मौतपीस मात्र दाजींच्या सदऱ्याच्या खिशात. घरी ठेवावा तर चोराची भीती, खिशात ठेवावा तर हातोड्याची. एका हातानं ते खडी फोडायचे आणि दुसरा हात छातीवर. कामावरच्या बाया आक्काला विचारायच्या, "काळजाचं दुखणं हाय का ओ त्यांना?" एकदा मुकादमानं तो खिशातून डोकावणारा काळा तुकडा बघितला, त्याला ती चिलीम वाटली. त्यानं हात पुढं करून म्हटलं, "एकट्यानंच वढता व्हय? आना हिकडं." दाजींनी घाबरून खिसा दोन्ही हातांनी धरला, तशी मुकादमाची खात्रीच झाली की आत नुसता तंबाखू नाही. पुढचा आठवडाभर तो दाजींना झाडाखाली बसवून हळूहळू गोडीत घेत होता.

पण खरी आपत्ती निराळीच होती. त्या कोरड्या हवेत लाकडं तडकत होती. दाराच्या चौकटीला भेगा पडल्या, पाटा ठेवायची घडवंची उकलली. दाजींनी चौकट बघितली, मग मौतपीस बघितला, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वाडग्यात पाणी घेऊन ते गुपचूप फडकं भिजवायचे आणि मौतपीसाला गुंडाळायचे. पाण्याचा टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. आक्का हंड्यामागं हंडा लावून उन्हात उभी राहायची. एका दुपारी तिनं हे स्नान बघितलं.

"घरात प्यायला घोट न्हाई, आन् तुमी लाकडाला आंगूळ घालून राहिलेत?"

"तडकंल ना ते."

"मी तडकले तर?"

दाजींनी अगदी खऱ्या काळजीनं आक्काच्या कपाळाला हात लावून बघितला. आक्काला रागवावं की हसावं कळेना. दुसऱ्या दिवसापासून दाजींनी आपल्या वाटणीचं सकाळचं पाणी प्यायचं सोडलं आणि तेवढंच फडक्याला वापरायला लागले. आक्काच्या ते ध्यानात आलं, तेव्हा तिनं काही न बोलता गोडेतेलाच्या बाटलीच्या तळाशी उरलेलं तेल एका पणतीत काढून त्यांच्यापुढं ठेवलं. "लाकडाला तेल चालतंय. पानी तुमी प्या." भाकरीला लावायला त्या महिन्यात घरात तेल नव्हतं. मी ती कोरडी भाकरी खाल्लेली आहे, त्यामुळं त्या मौतपीसात थोडा माझाही वाटा आहे, असं मी पुढं दाजींना चेष्टेत म्हणायचो. ते चेष्टा न समजता म्हणायचे, "हाय की. न्हाई कोन म्हनतंय?"

पुढं मी नांदेडला मास्तर म्हणून लागलो. आणि काही वर्षांनी लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. इतके दिवस बारीकसारीक कागदासाठी उस्मानाबादला खेटे घालणारी माणसं खूश झाली. पेढे वाटले, कमानी उभारल्या. दाजींना मात्र घोर लागला. "पाव्हणं," मला म्हणाले, "जिल्हा झाला म्हंजी आता चोरबी जिल्ह्याचे येतील. तालुक्याचे चोर वळखीचे होते." त्यांची समजूत घालण्याची माझी हिंमत झाली नाही, कारण त्यात तथ्य होतं.

त्या सोहळ्याच्या मिरवणुकीत दाजींचा बँड होता. करमणुकीसाठी मुंबईहून ऑर्केस्ट्रा आला होता. त्यातला सॅक्सोफोनवाला, पांढऱ्या केसांचा, सुटाबुटातला एक गृहस्थ, रस्त्याच्या कडेला उभा राहून ऐकत होता. मिरवणूक थांबली तसा तो सरळ दाजींपाशी आला. त्यानं मौतपीस मागितला. दाजींनी तो काढून दिला, पण तो माणूस पळाला तर धरता यावा म्हणून त्याच्या कोटाची बाही चिमटीत धरून ठेवली. त्या गृहस्थानं मौतपीस उजेडाकडं धरून आतून बघितला, अंगठा फिरवला. मग म्हणाला, "अनमोल चीज है. किसी को देना मत." तेवढ्यात जीप आली आणि तो निघून गेला.

कोणीही शहाणा माणूस यावर आनंदानं घरी गेला असता. दाजी मला चौकातच म्हणाले, "काय म्हनला ओ ते? अनमोल? म्हंजी मोल न्हाई?"

"अहो दाजी, मोल करता येत नाही इतकी मौल्यवान."

"मग तसं का न्हाई म्हनला? शंभर म्हनला असता तर बरं झालं असतं. हजार म्हनला असता तरी मी घट्ट मन केलं असतं. अनमोल म्हंजी किती?"

तो प्रश्न त्यांच्या मानगुटीवर बसला. वस्तू किती मोलाची हेच ठाऊक नाही, तर भ्यायचं किती हे ठरवायचं कसं? अंदाज नाही म्हणून त्यांनी जास्तीत जास्त भ्यायचं ठरवलं. मौतपीस काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला, पण लोकांना ताईत वाटून ते देणाऱ्या बाबाचा पत्ता विचारायला लागले. मग तो उशीखाली गेला, मग देवळीत, मग पत्र्याच्या पेटीत. पेटी म्हणजे चोराला बोट दाखवणं, असं वाटून शेवटी दाजींनी तो ज्वारीच्या डब्यात, पार तळाशी पुरला आणि त्या दिवशी ते कित्येक दिवसांनी निवांत दाढी करायला गेले. इकडं आक्कानं डबा उचलला आणि शेजारणीच्या हाती गिरणीत पाठवला.

दाजी अर्धी दाढी करून घरी आले ते डबा जागेवर आहे का बघायला. डबा जागेवर नव्हता. त्यानंतर लातूरच्या त्या गल्लीनं जे बघितलं, ते अजून सांगतात. गालाला अर्धा फेस, अंगात बनियन, अनवाणी पाय, असे दाजी गिरणीत शिरले तेव्हा पट्टा फिरत होता, पिठाचा धूर भरला होता आणि गिरणीवाला आमचाच डबा उचलत होता. एवढ्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून दाजी जीव खाऊन ओरडले, "थांबा! मौत हाय त्या डब्यात! मौत हाय!"

घाईत त्यांच्या तोंडून 'पीस' राहून गेलं. गिरणीवाल्यानं डबा असा टाकला की निम्मी ज्वारी जमिनीवर. बाया किंचाळत बाहेर पळाल्या. कुणी म्हणालं साप आहे, कुणी म्हणालं विष कालवलंय. आणि दाजी त्या सांडलेल्या ज्वारीत गुडघे टेकून दोन्ही हातांनी चाचपत होते. काळा तुकडा हाताला लागला तसा त्यांनी तो छातीशी धरला आणि तिथंच बसून राहिले. आक्का मागोमाग पोचली. तिनं फेस वाळलेला तो चेहरा बघितला आणि लोकांसमोर काही बोलली नाही. ज्वारी गोळा करत एवढंच म्हणाली, "जावा बाबा एकदा. कुठंबी जावा, पन ह्याची किंमत काय ती इचारून या. भ्यायचं किती ते तरी कळंल."

तिथून किमतीची शोधयात्रा सुरू झाली. पहिला नंबर सराफाचा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेले, शांत स्वभावाचे ते व्यापारी दाजींच्या वडिलांपासून ओळखीचे. त्यांनी तराजूत मौतपीस ठेवला, गंभीरपणे वजन केलं आणि म्हणाले, "सोनं न्हाई, चांदी न्हाई. कड्याचं पितळ तेवढं हाय. मोडीत घालायचं का?" 'मोडीत' हा शब्द ऐकून दाजींनी मौतपीस असा उचलला की तराजू कितीतरी वेळ हलत राहिला. मग त्यांनी नव्या कचेरीतल्या एका कारकुनाला गाठलं. जिल्हा झालाय, तर वस्तूंची किंमत ठरवणारा सरकारी माणूस असेलच. कारकून म्हणाला, जमिनीची करतो, घराची करतो, विहिरीचीही करतो. "हे स्थावर आहे का जंगम?" दाजींनी विचार करून सांगितलं, "आजपावतर लई ठिकानी फिरलंय." शेवटी ते मौतपीस घेऊन नांदेडला माझ्याकडं आले. अहमदपूर, लोहा असा सगळा प्रवास छातीवर हात ठेवून केल्यामुळं शेजारच्या प्रवाशानं त्यांना सोड्याची गोळी दिली होती. ती त्यांनी खाल्ली होती, न घेतल्यास तो नाराज होईल या काळजीनं.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर एक वृद्ध सरदारजी पेट्या आणि बँडची वाद्यं दुरुस्त करत. मी दाजींना त्यांच्याकडं नेलं. दुकान म्हणजे एक बोळ. भिंतीवर टांगलेली बिनगळ्याची क्लॅरोनेटं, पोट उघडून पडलेल्या बाजाच्या पेट्या. दाजी दारातच म्हणाले, "दवाखान्यात आल्यागत वाटून राहिलंय."

सरदारजींनी मौतपीस हातात घेतला आणि म्हणाले, "छोड जाओ. शाम को बताता हूँ."

"म्या हितंच बसतो," दाजी म्हणाले आणि खरोखरच फरशीवर मांडी घालून बसले.

सरदारजींनी नाइलाजानं भिंतीवरचा एक सॅक्सोफोन काढला, मौतपीस चढवला, पत्ती बांधली आणि फुंकला. जो आवाज निघाला त्याला आवाज म्हणणं कठीण आहे. फुटक्या हंड्यात म्हशीनं तोंड घालावं तसं काहीसं झालं. त्यांनी ओठ पुसून पुन्हा फुंकला. पुन्हा तेच. दाजींचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. माझ्या मनगटाला धरून हळूच म्हणाले, "मेला का ओ?"

"तुम बजाओ," सरदारजी म्हणाले.

दाजींनी सॅक्सोफोन घेतला, दात टेकवला आणि फुंकला. त्या बोळातून जो सूर निघाला, तो मी कसा सांगू? समोरचा फुलवाला पुडी बांधता बांधता थांबला. दाजींनी घाबरत घाबरत थोडंसं वाजवलं आणि लगेच थांबवून विचारलं, "बिघडलाय का?"

सरदारजींनी मौतपीस परत घेतला. चष्मा कपाळावर चढवून डोळ्याजवळ धरला, त्या तिरक्या खाचेवरून नख फिरवलं. मग बैलबाजारात बैलाचं वय बघतात तसा दाजींचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलला आणि दात बघितले.

"किसने बनाया?"

"वस्तादनं. ही खाच त्यांच्या दाताची हाय."

"दाँत से घिसा हुआ नहीं है ये. कानस से काटा है, एक एक रेशा. और तेरे दाँत की नाप का है." मग त्यांनी विचारलं, "उस्ताद के आगे के दाँत थे?"

वस्तादना पुढचे दातच नव्हते. दाजी शिकायला गेले तेव्हापासून नव्हते. म्हातारा हिरड्यांवर ओठ दाबून वाजवायचा. हे दाजींना चांगलं ठाऊक होतं, रोज समोर बसून बघितलेलं होतं, आणि तरीही इतकी वर्षं ते वस्तादच्या दाताच्या खाचेत आपला दात ठेवत होते.

"वाजवताना म्हनायचे, तोंड उघड," दाजी हळू आवाजात म्हणाले. "लई वेळा म्हनायचे. मला वाटायचं, म्या चुकून राहिलो."

मी विचारलं, "किंमत काय होईल?"

"बाजार में? कोई नहीं लेगा जी. दूसरे के मुँह में बोलता ही नहीं." त्यांनी मौतपीस आपल्या बाहीनं पुसला आणि दोन्ही हातांनी दाजींच्या ओंजळीत ठेवला. तपासणीचं काही घेतलंही नाही.

बाहेर आलो. मला वाटलं, आता दाजी सुटले. चोर येवो की दरोडेखोर, त्या वस्तूचा कुणालाच उपयोग नाही. रसवंतीच्या बाकावर बसून दाजींनी डोळे पुसले, नाक शिंकरलं. मग जिभेनं आपला पुढचा दात चाचपत म्हणाले, "पाव्हणं, म्हंजी आता दाताचीबी काळजी घ्यावी लागंल."

आणि तेव्हापासून ते मौतपीसाला सोडून दाताच्या मागं लागले. ऊस बंद, पेरू बंद, हुरडा बंद, कडक भाकरी दुधात भिजवून. गर्दीत कुणाचं कोपर लागेल म्हणून तोंडावर उपरणं. समोरून बॅट घेतलेलं पोरगं आलं तर रस्ता बदलायचे. रोज आरशात बघून दात हलवून पाहायचे, हलतोय की काय म्हणून. आक्का म्हणायची, "रोज हलवल्यावर हलंल न्हाई तर काय?" तसंच झालं. दात हलायला लागला, मग ठणकायला लागला, मग गाल सुजून कानापर्यंत गेला. दाजी ऐकेनात. तापानं फणफणत त्यांनी कितीतरी दिवस काढले. मी लातूरला गेलो तेव्हा आक्का स्वैपाकघरात मला म्हणाली, "भाऊ, त्या लाकडापायी मानूस जाईल रे." आयुष्यभर दाजींची चेष्टा करणाऱ्या माझ्या बहिणीचा आवाज मी पहिल्यांदा तसा ऐकला. त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी त्यांना धरून दवाखान्यात नेलं. नवा जिल्हा झाल्यावर गावात नव्या डॉक्टरांच्या पाट्या लागल्या होत्या, त्यातलाच एक तरुण दातांचा डॉक्टर. त्यानं तपासून सांगितलं, आणखी उशीर झाला असता तर जबड्यावर बेतलं असतं. दात काढावाच लागला.

सूज उतरल्यावर दाजी घरात बसले. बँडात गेले नाहीत. फुंकून बघितलं तर त्यांच्याही तोंडून सरदारजींसारखाच फुटका हंडा निघाला होता. आणि चमत्कार म्हणजे काळजी करायचे थांबले. दार उघडं राहिलं तर राहू दे. एसटी येते तेव्हा येते. घरातली ती शांतता आक्काला सोसेना. एका सकाळी तिनं हिरवं फडकं कमरेला खोचलं, दाजींना पुढं घातलं आणि त्या डॉक्टरपुढं नेऊन बसवलं.

डॉक्टर म्हणाला, "हो, नकली दात बसवता येईल. छान सरळ करून देतो."

"सरळ नगं," आक्का म्हणाली. "वाकडा पायजे."

"अहो, लोक वाकडे दात सरळ करून घ्यायला येतात."

"लोकांचं लोकांपाशी. आमचा होता तसाच वाकडा करा."

"होता कसा, ते मला आता कसं कळणार? दात तर गेला."

आक्कानं कमरेचं फडकं सोडून मौतपीस टेबलावर ठेवला आणि खाचेवर बोट टेकवलं. "ह्यात बसंल तसा करा."

मी शाळेला सुट्टी असल्यानं तिथंच होतो. डॉक्टर आधी हसला, मग त्यानं खाच निरखली आणि हसायचा थांबला. त्यानं मेण मऊ करून त्या खाचेत दाबलं आणि अलगद काढलं. मेणावर दाजींचा दात उमटला होता, जसा होता तसा, डावीकडं झुकलेला. दाजींनी तो मेणाचा दात बघितला आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्या कपाळाला आठी पडली. "डॉक्टरसाब," ते म्हणाले, "वाजवताना निसटून नरड्यात तर जानार न्हाई?" आक्कानं सुटकेचा श्वास सोडला.

पुढच्या लग्नसराईत मुखेडला आमच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. दाजींनी तिथं वाजवलं. नवरी निघाली तेव्हाचं, ते संथ. सुरात आता थोडी हवा मिसळत होती. काठावर पोचायच्या आधी सूर किंचित थांबायचा, जणू पुढं जाऊ का म्हणून विचारायचा. माणसं रडली. पण पूर्वी रडायची तशी नाहीत. मांडवाच्या खांबाला टेकून आक्का शेवटपर्यंत उभी होती. दाजी वाजवून तिच्यापाशी आले आणि त्यांनी तिच्याकडं नुसतं बघितलं.

"पयल्यासारखंच वाजलं की," आक्का म्हणाली.

दुपारी मुखेडच्या स्टँडवर आम्ही वडाखाली बसलो. त्यांची गाडी लातूरची, माझी नांदेडची. आक्का पाणी प्यायला गेली, तेव्हा दाजी म्हणाले, "पाव्हणं, तुमची आक्का खोटं बोलली."

मी समोरच्या गाडीची पाटी वाचायला लागलो.

"बरं केलं," ते म्हणाले.

लातूरची गाडी आधी लागली. दाजींनी आक्काला खिडकीपाशी बसवलं, मग वारं लागेल म्हणून आत सरकवलं आणि आपण खिडकीत बसले. गाडी हलली. धुरळा उठला. आणि एकाएकी काहीतरी आठवून दाजींनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि माझ्याकडं बोट दाखवून मोठ्यानं काहीतरी ओरडले. इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर कळलं नाही. मी हात हलवत "हाव, हाव" म्हणालो, तेव्हा कुठं ते आत बसले.

त्यानंतर कितीतरी वर्षं दाजी होते, आम्ही कितीतरी वेळा भेटलो, पण ते काय ओरडले होते हे विचारायचं राहूनच गेलं. आता ते नाहीत. अजूनही कुठं जायला निघालो आणि गाडी सुटली, की माझं काहीतरी मागं राहिलंय असं वाटत राहतं. मी खिसे चाचपतो, पिशवी बघतो. सगळं जागेवर असतं.